पिकविकचे चित्रकार

सन १८३६ च्या मार्च महिन्याच्या अखेरच्या दिवशीं लंडनमधील पुस्तकांच्या दुकानांत हिरव्या वेष्टणाचें एक पातळसें चोपडें विक्रीस आलें. पानें चोवीस, चित्रें चार, किंमत एक शिलिंग. वेष्टणावर होडींत गळ टाकून पेंगणारा एक लठ्ठ गृहस्थ आणि पांखरावर बंदूक रोखलेला एक हौशी शिकारी चितारला होता. भोंवतीं गळाच्या काठ्या, जाळीं, बंदुका ह्यांची महिरप होती. वेष्टण पाहून कोणालाही वाटावें कीं, आंत शिकारीच्या व मासेमारीच्या गमती असतील. परंतु मजकूर वाचूं लागावें तों शिकारीचा विषय जेमतेम डोकावतो आणि बाजूस सरतो. वेष्टण एकाच्या मनांतलें होतें आणि मजकूर दुसऱ्याच्या. चोपड्याचें नांव ‘पिकविक पेपर्स’, मजकूर लिहिणारा चार्ल्स डिकन्स आणि चित्रें काढणारा रॉबर्ट सीमोर. त्यानंतर तीन आठवडे पुरे होण्याच्या आंत सीमोर ह्या जगांत उरला नव्हता. आणि दुसऱ्याच्या मजकुरासाठीं चित्रें काढून प्रपंच चालविण्याचा जो धंदा, त्याची मांडणीच त्या अवधींत उलटी झाली.

डिकन्सच्या चरित्रांत ही हकीकत एखाददुसऱ्या पानांत आटोपते. चित्रकाराच्या बाजूनें पाहूं गेल्यास मात्र ती इतक्या लवकर आटोपण्यासारखी नाहीं.

पूर्वींची मांडणी कशी होती तें आधीं पाहिलें पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं लंडनमध्यें छापील चित्रांच्या दुकानांपुढें लोकांची गर्दी जमे. राजेरजवाडे, मंत्री, वकील, वैद्य, कोणीही त्या विनोदी चित्रांतून सुटत नसे. वाचतां न येणाऱ्यालाही चित्र कळे. म्हणून चित्र हाच खरा माल आणि मजकूर हा त्याच्या पाठीमागून येणारा सोबती. सन १८०९ मध्यें ॲकरमन नांवाच्या प्रकाशकानें रोलंडसन ह्या नामांकित चित्रकाराकडून एका भोळ्या, घोड्यावरून देशाटन करणाऱ्या पाद्र्याचीं चित्रें काढवून घेण्यास सुरुवात केली. दरमहा एक चित्र तयार होई व तें विल्यम कूम नांवाच्या एका वृद्ध लेखकाकडे जाई. कूम कर्जबाजारी होता व ऋणकोंच्या तुरुंगाच्या बंधनांत राहत होता. चित्र हातीं पडलें कीं त्यानें त्यावर पद्यें रचावयाचीं. पुढच्या महिन्यांत कोणतें चित्र येणार ह्याचा त्याला पत्ता नसे, आणि ज्याचीं चित्रें तो शब्दांत उतरवीत होता त्या रोलंडसनशीं त्याची ओळखही नव्हती. ‘डॉक्टर सिंटॅक्स’ ह्या नांवानें तें पुस्तक सन १८१२ मध्यें निघालें आणि अतोनात खपलें. पुस्तकावर कूमचें नांव नव्हतें. कीर्तनांत बोवांनीं आख्यान लावावें आणि झांजकऱ्यानें मागें उभें राहून ताल धरावा, तशी लेखकाची जागा. ताल चुकतां कामा नये. पण आख्यान त्याचें नव्हे.

सीमोरनें हाच काळ पाहिला होता. त्याचा जन्म सन १७९८ चा. बाप लवकर वारला, घरची गरिबी. कापडावरचे नक्षीचे नमुने काढणाऱ्या एका कारागिराकडे तो उमेदवार म्हणून राहिला. परंतु त्याची दृष्टि त्या नमुन्यांवर नव्हती. ऐतिहासिक व काव्यांतील प्रसंगांचीं मोठालीं तैलचित्रें काढावीं, रॉयल ॲकॅडेमीच्या भिंतीवर तीं लागावीं, ही त्याची आकांक्षा. सन १८२२ मध्यें ती एकदां फळाला आलीही. टासो ह्या इटालियन कवीच्या काव्यांतील प्रसंगावरचें, शंभरावर आकृतींचें त्याचें चित्र ॲकॅडेमीनें प्रदर्शनांत मांडलें. पण भिंतीवर लागलेल्या चित्रानें चूल पेटत नाहीं. तेव्हां तो पुस्तकांकडे वळला. आधीं लाकडी ठशांसाठीं रेखाटनें, पुढें तांब्याच्या पत्र्यावरची कोरणी, मग सुटीं विनोदी चित्रें. जॉर्ज क्रुक्शँक हा त्या वेळचा विनोदी चित्रकारांचा मुकुटमणि. त्याच्या नांवावर कोटी करून सीमोर ‘शॉर्टशँक्स’ अशी सही करूं लागला. क्रुक्शँकला तें खपलें नाहीं, आणि सीमोरला ती सही सोडावी लागली.

थोड्याच वर्षांत तो लंडनमधील सर्वांत कामसू चित्रकारांपैकीं एक झाला. त्याचा खास विषय म्हणजे शहरांतले हौशी शिकारी. आठवडाभर दुकानांत वजनमाप करणारे हे लोक रविवारीं उसनी बंदूक घेऊन खेड्याकडे निघत. पांखरूं सोडून कोणाच्या तरी कुत्र्याला जखमी करीत आणि चिखलांत माखून घरीं परतत. तीन तीन पेन्सांना विकलीं जाणारीं हीं चित्रें घरोघर गेलीं. परंतु मागणी आणि मोबदला ह्यांचें गणित ह्या धंद्यांत क्वचितच जमतें. एका विनोदी साप्ताहिकासाठीं तो दर आठवड्यास चित्रें देत असे. पैसे थकले, म्हणून त्यानें सन १८३४ मध्यें काम थांबविलें. तेव्हां त्याच साप्ताहिकाच्या संपादकानें त्याच साप्ताहिकांतून त्याची जाहीर निंदा आरंभिली. ज्याच्या चित्रांनीं पत्र खपलें त्याच्यावरच पत्रानें उलटावें, हा प्रकार सीमोरच्या हळव्या मनाला फार लागला असें दिसतें. संपादक बदलल्यावर तो पुन्हां त्या कामावर गेला, हें खरें. प्रपंच असलेल्या माणसाला रुसवा फार दिवस परवडत नाहीं.

सन १८३५ च्या अखेरीस त्यानें चॅपमन आणि हॉल ह्या तरुण प्रकाशकांपुढें एक कल्पना मांडली. हौशी शिकाऱ्यांचें एक मंडळ असावें. त्यांच्या फजित्यांचीं दरमहा चार चित्रें आपण काढावींत. आणि चित्रांना जोडून घेण्यापुरता मजकूर कोणाकडून तरी लिहवून घ्यावा. रोलंडसन व कूम ह्यांचाच हा मार्ग. प्रकाशकांना कल्पना पटली. एकदोन नामवंत लेखक मिळाले नाहींत, तेव्हां वर्तमानपत्रांत ‘बॉझ’ ह्या टोपणनांवानें शब्दचित्रें लिहिणाऱ्या एका बातमीदाराचें नांव निघालें. फेब्रुवारीच्या १० तारखेस हॉल त्याच्या बिऱ्हाडीं गेला. बातमीदाराला नुकतेंच चोविसावें वर्ष पुरें झालें होतें. लग्न ठरलें होतें, पैशाची निकड होती. दर अंकास सुमारें चौदा पौंड मिळणार होते. अशा स्थितींतल्या माणसानें निमूटपणें होकार द्यावयाचा. डिकन्सनें होकार दिला, पण निमूटपणें नव्हे. त्यानें सांगितलें कीं, शिकार हा आपला विषय नाहीं. ही कल्पना जुनी झालेली आहे. आणि चित्रांवरून मजकूर लिहिण्यापेक्षां मजकुरांतून चित्रें निघावीं हें कितीतरी बरें. आश्चर्य म्हणजे प्रकाशकांनीं तें मान्य केलें. सीमोरची समजूत राखण्यासाठीं मंडळांत विंकल नांवाचा एक हौशी शिकारी तेवढा ठेवण्यांत आला.

येथें झांजकरी पुढें आला आणि बोवांना मागें उभें राहावें लागलें. प्रकाशकांच्या कचेरींत हा बदल घडला तेव्हां तो किती मोठा आहे हें कोणाच्याही ध्यानांत आलें नसावें. आलें असेल तर तें फक्त सीमोरच्या. पिकविकचें रूपसुद्धां त्यानें आधीं उंच व किडकिडीत काढलें होतें. चॅपमननें आपल्या पाहण्यांतल्या, घट्ट विजार व काळे पायमोजे घालणाऱ्या एका स्थूल गृहस्थाचें वर्णन करून तें बदलावयास लाविलें. तेव्हांपासून सगळ्या जगाचा पिकविक लठ्ठ, टकला व चष्मेवाला आहे. शब्दांत पिकविक डिकन्सचा असेल. पण डोळ्यांना दिसणारा पिकविक सीमोरच्या सुईंतून उतरला आहे, हें कोणालाही नाकारतां येणार नाहीं.

दुसऱ्या अंकासाठीं डिकन्सनें कथानकाशीं संबंध नसलेली एक विषण्ण गोष्ट मध्येंच घातली: दारूनें व दारिद्र्यानें मरणपंथास लागलेला नाटकांतला एक विदूषक. हास्यचित्रें काढण्यासाठीं ज्यानें ही योजना मांडली, त्याच्या वांट्यास मरणशय्या चितारणें आलें. सीमोरनें चित्र काढलें. १४ एप्रिल रोजीं डिकन्सनें त्याला पत्र पाठविलें. पत्र अत्यंत सौजन्याचें आहे. पहिल्या चित्रांची त्यांत तारीफ आहे. परंतु हें चित्र आपल्या मनांतल्यासारखें उतरलें नाहीं, तें फिरून काढावें, आणि रविवारीं सायंकाळीं आपल्याकडे यावें, अशी विनंति आहे. सीमोर त्या वेळीं अडतिसाच्या घरांत होता व वीस वर्षांचा अनुभव त्याच्या गांठीशीं होता. विनंति करणारा चौदा वर्षांनीं लहान, आणि त्याचें लग्न होऊन पंधरा दिवस झाले होते. रविवार १७ एप्रिलला दोघे भेटले. ती त्यांची एकुलती एक भेट. तेथें काय बोलणें झालें ह्याची नोंद चित्रकाराच्या बाजूनें कोणीच ठेवली नाहीं.

सीमोर घरीं आला आणि विदूषकाचें चित्र त्यानें दुसऱ्यांदा काढून पोलादाच्या पत्र्यावर उतरविलें. २० एप्रिलच्या सकाळीं इस्लिंग्टन येथील आपल्या घराच्या बागेंत त्यानें आत्मघात केला. पत्नीसाठीं त्यानें चिठ्ठी ठेविली होती. तींत दोष कोणालाच दिला नव्हता. मागें पत्नी जेन व दोन मुलें राहिलीं. कामाचा ताण, पूर्वींचा अपमान, प्रकृतीचा स्वभाव ह्यांपैकीं कशाचा किती भाग होता हें ठरविण्याचा प्रयत्न तेव्हांपासून चालला आहे. एका पत्रानें माणूस मरतो असें म्हणणें हा डिकन्सवर अन्याय होईल. परंतु त्या पत्रानें सीमोरला काय सांगितलें हें झांकून ठेवणेंही तितकेंच अन्यायाचें आहे. आपण आरंभिलेल्या कामांत आपण आतां दुसऱ्याचे हाताखालचे आहों, हें त्याला त्यांत वाचावयास मिळालें.

दुसरा अंक चाराऐवजीं तीन चित्रांनिशीं निघाला. प्रकाशक धंदा बंद करण्याच्या विचारांत होते, कारण खपही नव्हता; आरंभीं अवघ्या ४०० प्रतींचीच बांधणी झाली होती असें सांगतात. डिकन्सनें मात्र ह्या संकटांतून आपला मार्ग काढला. चित्रें चारांवरून दोनांवर आणावीं आणि पानें चोविसांवरून बत्तीस करावीं, असें ठरलें. चित्रकाराचें काम निम्म्यावर आलें, लेखकाचें वाढलें, आणि ह्यापुढें इंग्लंडांतील मासिक कादंबऱ्या बहुशः ह्याच मापानें निघूं लागल्या.

आतां चित्रकार हवा होता. रॉबर्ट विल्यम बस् नांवाच्या एका रंगचित्रकाराची कोणी शिफारस केली. बिचारा प्रदर्शनासाठीं चित्र रंगविण्यांत गुंतला होता. तें बाजूस ठेवून त्यानें हें काम घेतलें. त्यानें जन्मांत कधीं धातूवर सुई धरली नव्हती. त्यानें अभ्यास केला, पत्रे वायां घालविले, शेवटीं मुदत संपत आली तेव्हां आपलीं रेखाटनें एका कसबी कोरणाऱ्याकडून पत्र्यावर उतरवून घेतलीं. परक्या हातांत रेघेचा जीव गेला. तिसऱ्या अंकांत तीं दोन चित्रें निघालीं. पुढच्या आवृत्त्यांतून तींही काढून टाकण्यांत आलीं आणि बस् ला रजा मिळाली. चुका सुधारण्यास एखाद्या महिन्याची सवलत मिळती तर आपण निभावून नेलें असतें, असें त्याला शेवटपर्यंत वाटे. ह्या धंद्यांत तेवढीच गोष्ट मिळत नाहीं. अंक महिन्याच्या अखेरीस निघालाच पाहिजे.

ह्याच सुमारास डिकन्सच्या बिऱ्हाडाचा जिना चढून आणखी एक उंचापुरा तरुण दोनतीन चित्रें घेऊन गेला. कलकत्त्यास जन्मलेला, बापाचा पैसा गमावलेला, चित्रकार होण्याची हौस असलेला हा तरुण म्हणजे विल्यम थॅकरे. त्याचीं चित्रें पसंत पडलीं नाहींत. सन १८५८ मध्यें रॉयल ॲकॅडेमीच्या मेजवानींत डिकन्सच्या समक्ष त्यानें ही हकीकत हंसत हंसत सांगितली. तोंपर्यंत ‘व्हॅनिटी फेअर’ लिहून तो डिकन्सच्या बरोबरीस येऊन बसला होता, म्हणून हंसतां आलें. त्या कादंबरीचीं चित्रेंही त्यानें स्वतःच काढलीं आहेत. नाकारलेल्या चित्रकाराला असा सूड क्वचितच साधतो.

जागा मिळाली ती हॅब्लट नाइट ब्राउन ह्या विशीतल्या तरुणाला. फिंडन नांवाच्या खोदकाम करणाऱ्यांच्या कारखान्यांत तो उमेदवार होता. दुसऱ्याच्या चित्रांची रेघ न् रेघ नक्कल करण्याचा कंटाळा येऊन त्यानें तो करार सोडला, आणि रॉबर्ट यंग ह्या सोबत्याबरोबर स्वतःचें दुकान मांडलें. कोरणीच्या एका चित्राबद्दल त्याला सोसायटी ऑफ आर्ट्सचें पदकही मिळालें होतें. बस् ला जें येत नव्हतें तें ब्राउनच्या हातांत आधींच मुरलेलें होतें. स्वभावानें तो कमालीचा लाजाळू. पहिल्या चित्रांवर त्यानें सही केली ती ‘नेमो’ अशी. लॅटिन भाषेंत ह्याचा अर्थ ‘कोणीच नाहीं’. नंतर लेखकाच्या ‘बॉझ’शीं जुळावें म्हणून त्यानें ‘फिझ’ हें नांव घेतलें. पूर्वींच्या चित्रकारानें क्रुक्शँकशीं बरोबरी सांगणारें टोपणनांव घेतलें होतें; ह्यानें लेखकाच्या नांवाला यमक जुळविलें. काळ कसा पालटला हें ह्या दोन सह्यांवरून दिसतें.

चौथ्या अंकांत खानावळीच्या अंगणांत बूट पुसणारा सॅम वेलर अवतरला, आणि पाहतां पाहतां लोक त्या हिरव्या चोपड्यांची वाट पाहूं लागले. सन १८३७ च्या नोव्हेंबरांत शेवटचा अंक निघाला तेव्हां खप ४०,००० पर्यंत गेला होता. सॅमची तिरपी टोपी, बूट हातांत धरून उभें राहण्याची ढब लोकांनीं ब्राउनच्या चित्रांत पाहिली होती.

पण हा खप चित्रकाराला कसा पडे तें पाहण्यासारखें आहे. कोरणीची रीत अशी: पोलादाच्या पत्र्यावर मेण व राळ ह्यांचा पातळ थर द्यावयाचा, त्यावर चित्र उलटें उतरवून सुईनें रेघा ओढावयाच्या, जेथें रेघ पडेल तेथें थर खरवडून धातु उघडा पडतो. मग तेजाब ओतावयाचें. जी रेघ फिकट हवी तिच्यावरचें तेजाब लवकर काढून तो भाग वार्निशानें झांकावयाचा, आणि गडद रेघांना आणखी चरूं द्यावयाचें. तेजाबाचें हें काम यंग करी. डोळ्याचा अंदाज चुकला तर आठ दिवसांची मेहनत पाण्यांत. बरें, चित्र साधलें म्हणून सुटका नाहीं. हजारों प्रती काढतां काढतां पत्रा झिजतो व रेघा पुसट होतात. म्हणून खप वाढूं लागला तसें तेंच चित्र दुसऱ्या पत्र्यावर, आणि कांहीं वेळां तिसऱ्यावर, नव्यानें काढावें लागे. लेखकानें एकदां लिहिलेलें वाक्य चाळीस हजार वेळां छापलें तरी झिजत नाहीं. यशाचा आनंद दोघांना सारखा असेल. यशाचे श्रम मात्र एकालाच दुप्पट.

शिवाय मजकूर पुरा लिहून झालेला क्वचित् असे. पुष्कळदां डिकन्स पत्रानें कळवी कीं अमुक प्रसंग आहे, अमुक माणूस येथें बसला आहे, त्याच्या चेहऱ्यावर असा भाव हवा. आणि ब्राउननें तेवढ्यावर चित्र उभें करावयाचें. कधीं दोघे बरोबरही निघत. सन १८३८ च्या हिवाळ्यांत बर्फांतून गाडीनें प्रवास करीत ते यॉर्कशरमधील कुप्रसिद्ध निवासी शाळा पाहण्यास गेले, आणि ‘निकोलस निकल्बी’मधील क्रूर पंतोजी त्या प्रवासांतून जन्मला. परंतु सन १८४६ मध्यें डिकन्स परदेशांत राहून ‘डोंबी अँड सन’ लिहूं लागला तेव्हां टपालावरच सर्व भिस्त होती. डोंबीचा चेहरा ठरविण्यासाठीं ब्राउननें एका कागदावर २९ तोंडवळे काढून पाठविले. त्याच पुस्तकांत लहानगा पॉल व त्याला सांभाळणारी खाष्ट म्हातारी ह्यांचें एक चित्र आहे. तें पाहून डिकन्स इतका खट्टू झाला कीं, हें चित्र पुस्तकांत न येण्यासाठीं आपण शंभर पौंड आनंदानें दिले असते, असें त्यानें आपल्या मित्राला लिहिलें. खुर्ची मजकुराप्रमाणें नव्हती, मुलाची जागा चुकली होती. वाचकांना तें चित्र आवडलें. पण आतां दाद वाचकांकडे मागावयाची नव्हती, लेखकाकडे मागावयाची होती.

सीमोर ह्या ठिकाणीं मोडला, ब्राउन वांकला. त्यानें वाद घातला नाहीं, सांगितलेलें फिरून काढून दिलें. मात्र जेथें लेखकाचें लक्ष जात नसे तेथें तो स्वतःचें बोलून घेई. खोलीच्या भिंतीवरील तसबिरींत, फडताळावरच्या बाहुल्यांत तो अशीं सूचक चित्रें दडवी कीं पुढें येणारें संकट किंवा एखाद्याचें ढोंग जाणत्या डोळ्यांना आधींच कळावें. मजकुरांत त्यांचा पुष्कळदां उल्लेखही नसे. ‘ब्लीक हाउस’ ह्या कादंबरीसाठीं सन १८५२-५३ मध्यें त्यानें यंत्रानें अगदीं जवळजवळ रेघा आंखून त्यांवर प्रकाश राखून घेण्याची रीत वापरली, आणि त्या काळोख्या चित्रांत बहुधा माणसांना जवळजवळ स्थानच दिलें नाहीं. ओसाड गल्ल्या, मोठ्या वाड्यांचे रिकामे जिने, धुक्यांतला रस्ता. हीं चित्रें पाहणाऱ्याला त्यांत डिकन्सच्या शब्दांची नक्कल दिसत नाहीं. शब्दांच्या शेजारीं उभी असलेली दुसरी प्रतिभा दिसते.

तेवीस वर्षांत डिकन्सच्या पंधरांपैकीं दहा कादंबऱ्यांना ब्राउननें चित्रें दिलीं. सन १८५९ मधील ‘अ टेल ऑफ टू सिटीज’ ही त्यांतली शेवटची. सन १८६४ मध्यें नव्या कादंबरीची जाहिरात झाली तेव्हां चित्रकार म्हणून मार्कस स्टोन ह्या तेवीस वर्षांच्या तरुणाचें नांव होतें. तो डिकन्सच्या दिवंगत मित्राचा मुलगा. मित्राच्या मुलाला पुढें आणण्यांत वाईट कांहीं नव्हतें. लोकांची आवडही बदलली होती. लाकडी ठशांवरचीं, वास्तवाशीं इमान राखणारीं चित्रें आतां मासिकांत येत होतीं, आणि ब्राउनच्या नाचऱ्या, विनोदी आकृति कालबाह्य वाटूं लागल्या होत्या. परंतु कारण काय तें ब्राउनला नीटसें कळलें नाहीं. जुन्या पुतळ्यांना नवा हात लागला तर ते ताजे दिसतील असें कदाचित् डिकन्सला वाटलें असेल, अशा आशयाचें त्यानें आपल्या सोबत्याला लिहून पाठविलें. एकदां घर बदलतांना त्यानें डिकन्सचीं व इतर लेखकांचीं पत्रें बागेंत जाळून टाकिलीं. इतिहासाचें तें मोठें नुकसान झालें. त्याच्या मनाला काय वाटलें तें त्यानें कोणाला सांगितलेलें दिसत नाहीं.

सन १८६७ मध्यें त्याला अर्धांगाचा झटका आला व उजव्या हाताची शक्ति गेली. बोटांनीं सुई फिरविणारा हा माणूस पुढें संबंध हात खांद्यापासून हलवून रेघ ओढूं लागला. संसार मोठा होता, कामें हलक्या दराचीं मिळत होतीं. डिकन्स सन १८७० मध्यें वारला. त्याच्या ग्रंथांची एक स्वस्त आवृत्ति निघाली, तींत सन १८७४ मध्यें ‘पिकविक’ आला, आणि त्यासाठीं चित्रें काढण्याचें काम ब्राउनलाच मिळालें. विशींत काढलेला तो सॅम वेलर, तो लठ्ठ गृहस्थ, साठीकडे झुकलेल्या त्या माणसानें अधू हातानें पुन्हां काढला. चित्रें जुन्यांच्या पासंगासही लागत नाहींत. त्यांवर टीका झाली, आणि कलेच्या दृष्टीनें टीकाकारांची चूक नव्हती. सन १८७८ मध्यें रॉयल ॲकॅडेमीनें त्याला वार्षिक तनखा बांधून दिला. सन १८८२ मध्यें तो समुद्रकांठीं वारला.

बस् ची गोष्ट राहिली. त्यानें मनांत अढी धरली नाहीं. म्हातारपणीं त्यानें ‘डिकन्सचें स्वप्न’ नांवाचें एक मोठें चित्र आरंभिलें: लेखक खुर्चींत डोळे मिटून बसला आहे आणि त्याच्या कादंबऱ्यांतील पात्रें खोलीभर तरंगत आहेत. त्यांपैकीं कितीतरी पात्रें त्यानें इतर चित्रकारांनीं काढलेल्या रूपांतच घेतलीं आहेत. सन १८७५ मध्यें तो वारला तेव्हां लेखकाला व मोजक्या पात्रांना रंग भरून झाला होता. बाकीचीं तशींच रेघांत राहिलीं, आणि आजही लंडनमध्यें तीं तशींच पाहावयास मिळतात.

जेन सीमोरला एवढें स्वास्थ्य लाभलें नाहीं. पुस्तक आपल्या नवऱ्याच्या कल्पनेंतून निघालें आणि त्याच्या अलोट यशांतलें आपल्या मुलांच्या वांट्यास कांहीं आलें नाहीं, अशी तिची तक्रार. सन १८४७ मधील प्रस्तावनेंत डिकन्सनें पुस्तकाच्या उगमाची हकीकत आपल्या बाजूनें सांगितली. तिनें उत्तरादाखल एक लहानसें पुस्तक छापलें. सन १८६६ मध्यें सीमोरच्या मुलानें तीच गोष्ट उकरून काढली तेव्हां डिकन्सनें वृत्तपत्रांतून निकरानें सांगितलें कीं, पुस्तकांतील एकही प्रसंग, एकही शब्द सीमोरनें सुचविलेला नाहीं. शब्दापुरतें त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. पण शिकाऱ्यांच्या मंडळाची योजना, पिकविकची आकृति आणि तें हिरवें वेष्टण ह्यांना शब्द म्हणतां येत नाहीं. अंकांतून शिकार कधींच निघून गेली होती. वेष्टण मात्र शेवटच्या अंकापर्यंत सीमोरचेंच राहिलें, आणि दर महिन्यास त्यावर तो पेंगणारा गृहस्थ होडींत बसलेला असे.

इस्लिंग्टन येथें सीमोरच्या थडग्यावर बसविलेला दगड कालांतरानें जागेवरून हलला व विस्मृतींत गेला. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं तो एका चर्चमध्यें पुन्हां सांपडला, आणि सन २०१० मध्यें डिकन्स संग्रहालयाच्या बागेंत आणून ठेवण्यांत आला. हें संग्रहालय म्हणजे डाउटी स्ट्रीटवरील तें घर, जेथें राहून डिकन्सनें ‘पिकविक’चे शेवटले अंक लिहिले.